शेवंतीला गोधडी

आयुष्यात एकदाच मी कुणासाठी जीव ओतून काहीतरी केलं, आणि त्या माणसाचं अख्खं वर्ष पाण्यात घालवलं! हसू नका. चहा निवला तरी चालेल, पण हे आधी ऐका. म्हणजे "मंदार, जरा आमच्या घराकडे लक्ष ठेव" असं मला सांगण्यापूर्वी तुम्ही दहादा विचार कराल.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. पुण्याहून इंग्लंडात, बेसिंगस्टोकला नुकतेच आलो होतो आम्ही. मी, मुग्धा आणि माझा वर्क व्हिसा. शेजारी डेरेक राहायचे. रिटायर्ड, सत्तरी ओलांडलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि तेव्हापासून त्यांचा सगळा संसार शेवंतीशी! सकाळी शेवंतीशी गप्पा, दुपारी शेवंतीवर चिडचिड. एकीचे पराग ब्रशनं दुसरीला लावायचे, बी धरायचं, त्याची रोपं करायची. आपल्याकडे वधूवर सूचक मंडळं असतात ना? तसं यांचं शेवंतीचं मंडळ!

पहिल्याच दिवाळीत लक्ष्मीपूजनाला फुलं नाहीत म्हणून मुग्धा हिरमुसली होती. सुपरमार्केटातली कार्नेशन्स देवीला चालतात का, यावर मागच्या दारात आमचं कडाक्याचं भांडण चालू असताना पुढची बेल वाजली. दारात डेरेक, हातात बादलीभर शेवंती! पिवळी, तांबूस, गुलाबी!

"फेन्सपलीकडून ऐकू येत होतं," ते म्हणाले. "कळलं काहीच नाही, पण 'फ्लॉवर्स' शब्द चार वेळा आला."

मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथल्या तिथं ठरवलं, या देवमाणसाचे उपकार फेडायचे. फेडले हो! असे फेडले, की बिचाऱ्यानं पुन्हा कुणाला फूलसुद्धा दिलं नसेल.

ख्रिसमस झाल्यावर ते मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाले, ते फेब्रुवारीअखेर येणार होते. जाण्याआधी मला त्यांच्या मागच्या वाफ्यापाशी घेऊन गेले. यंदाची नवी रोपं, फुलं संपल्यावर छाटलेली. जमिनीत वीतभर खुंट, आणि बुडाशी इवले इवले हिरवे फुटवे.

"मँडर," ते म्हणाले, "यातली कुठली हिवाळ्यातून बाहेर येतात, तेवढं बघ. बाकी काही करायचं नाही."

आणि मी काय ऐकलं? 'ही हिवाळ्यातून बाहेर येतील, असं बघ!' एवढासा फरक हो! 'काही करायचं नाही' हा मला त्यांचा सभ्यपणा वाटला. इंग्लिश माणूस तोंड उघडून मदत मागतो का कधी?

जानेवारीत फ्रॉस्ट पडला. सकाळी खिडकीतून बघतो तर वाफा पांढराफटक!

"अरे, गेली की काय ती?" मुग्धानं विचारलं.

"मी असताना? शक्यच नाही!"

धावत गार्डन सेंटरला गेलो. तिथल्या मुलीनं झाडांवर घालायचं पांढरं पातळ कापड दिलं. घातलं. थंडी वाढली. मग त्यावर आमचं जुनं डुव्हे, म्हणजे इथली जाडजूड रजई, घातलं. थंडी आणखी वाढली. मी कपाट उघडलं आणि आईनं शिवलेली गोधडी काढली.

"मंदार! ती आईंनी बाळासाठी दिलीये!"

"बाळ अजून व्हायचंय, मुग्धा. ही झालेली आहेत!"

दुसऱ्या रात्रीपासून तीच हॉट वॉटर बॉटल भरून द्यायला लागली. मग मला सुचली दिवाळीच्या दिव्यांची माळ. लावली की बल्ब गरम व्हायचे. एक्स्टेन्शन लीड ओढली, माळ गोधडीखाली सरकवली. संध्याकाळी वाफा आतून असा मंद उजळायचा, की बघत राहावं!

मागच्या घरातल्या बाई बघतच राहिल्या होत्या. एकदा फेन्सवरून दबक्या आवाजात म्हणाल्या, "डेरेक बरा आहे ना?"

"मजेत आहे! का हो?"

"नाही... ते जरा थडग्यासारखं दिसतंय."

मग एक दिवस ऑस्ट्रेलियाहून फोन आला. "थंडी कशी आहे?"

"मायनस सहा, डेरेक!"

"लव्हली!"

मी म्हटलं, म्हाताऱ्याला तिकडचं ऊन लागलं वाटतं.

"किती गेली?"

"एकही नाही!"

पलीकडून हळूच, "एकही नाही? कोपऱ्यातली गुलाबीसुद्धा?"

"ती तर सगळ्यांत गुटगुटीत आहे!"

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. "मँडर, तुला कल्पना नाही. मी इतकी वर्षं याचीच वाट बघत होतो."

मलाही भरून आलं. दोघंही रडलो. फक्त वेगवेगळ्या कारणांनी रडत होतो, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

फेब्रुवारीअखेर ते परतले. तोवर मी सगळी पांघरुणं काढून घेतली होती. रोपं कशी टवटवीत! दुसऱ्याच दिवशी डेरेक त्यांच्यासारख्याच शेवंतीवेड्यांच्या क्लबातले दोन बुजुर्ग घेऊन आले. मला मुद्दाम बोलावलं. तिघंही वाफ्यापाशी वाकले, देवळात वाकतात तसे.

"निचरा उत्तम असणार," पहिले म्हणाले.

"वाफा उंच आहे, त्याचाही फायदा," दुसरे म्हणाले.

निचरा? वाफा? आणि मी काय भजी तळत होतो? माझी गोधडी, माझी वीज, माझ्या बायकोची हॉट वॉटर बॉटल, आणि श्रेय मातीला? अहो, नाही राहवलं! "एक्स्क्यूज मी" म्हणून मी सगळं सांगितलं. सांगून थांबलो असतो तरी बरं. घरात पळत गेलो, गोधडी आणली, माळ आणली, आणि लावूनही दाखवली!

लाल, हिरवी, पिवळी, लुकलुक लुकलुक.

ते दोघं आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"फेअरी लाइट्स," डेरेक हळूहळू म्हणाले. "आय सी."

इंग्लिश माणूस 'आय सी' म्हणाला ना, की समजावं, आपलं सगळं संपलं.

मग त्यांनी समजावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण अगदी मऊ आवाजात समजावलं. "थंडीनं यातली निम्मी मारायलाच हवी होती, मँडर. जी उघड्यावर जगतात, त्यांचीच पुढची पैदास करायची. नाजूक कुठली, चिवट कुठली, हे मला फ्रॉस्ट सांगणार होता. आता काहीच कळायला मार्ग नाही." मग वाफ्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे पुन्हा पुढचा हिवाळा. माझ्या वयाच्या माणसाकडे हिवाळे काही भरपूर नसतात."

मला वाटलं, त्याच वाफ्यात स्वतःला पुरून घ्यावं. मागच्या बाईंचाही अंदाज खरा ठरला असता.

संध्याकाळी माफी मागायला गेलो. त्यांनीच मला चहा करून दिला. "तुझा हेतू चांगला होता," म्हणाले. याहून भयंकर शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही. घरी आलो तर मुग्धा एवढंच बोलली, "गोधडी धुवायला टाक."

पुढचा ख्रिसमस आला. डेरेक पुन्हा ऑस्ट्रेलियाला निघाले, आणि काय सांगू, मागच्या फाटकाची किल्ली घेऊन माझ्याच दारात उभे! मी त्यांच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिलो.

"डेरेक, हात लावणार नाही! तुम्ही म्हणाल तर बघणारसुद्धा नाही!"

"छे छे, काळजी घे की," ते म्हणाले.

मग वळून आमच्या मागच्या अंगणाकडे बराच वेळ बघत राहिले. गुडघाभर गवत. वादळात उलटी पडलेली खुर्ची अजून उलटीच. हौसेनं आणलेली लॅव्हेंडरची रोपं दुकानाच्या प्लास्टिकच्या कुंडीतच वाळून काड्या झालेली.

किल्ली माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "फक्त तुझ्या बागेची घेतोस, तेवढीच घे."