खांबही निवडून आला असता

हार त्यांनी माझ्या गळ्यात घातला नाही. हातात टाकला.

"घे. घाल."

माधव नगरातल्या त्यांच्या बंगल्यासमोर पन्नासेक माणसं उभी होती. ढोलवाला होता, फोटोवाला होता. झेंडूचा जाड हार, मध्ये गुलाब. दादासाहेब तो घेऊन माझ्यासमोर आले आणि हातभर अंतरावर थांबले. मी मान खाली केली होती. वाट बघत होते. हार माझ्या ओंजळीत पडला तेव्हा कळलं.

फोटोवाला म्हणाला, "दादासाहब, एक बार पहना दीजिए ना."

ते हसले. "अरे, महिला है. अच्छा नहीं लगता. वो खुद पहन लेगी."

पाच मिनिटांपूर्वी शेजारच्या वॉर्डाच्या उमेदवार बाईंना, एका वकिलाच्या बायकोला, त्यांनी स्वतःच्या हातांनी हार घातला होता. मी तिथेच होते. सगळेच तिथे होते.

मी हार स्वतः गळ्यात घातला. आणि हसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला. नवऱ्याने कापून ठेवला. त्यात माझे दात दिसतात. अपमान करणाऱ्याचा चेहरा मी विसरू शकेन. तो माझा हसरा चेहरा विसरता येत नाही.

ढोल थांबल्यावर दादासाहेब एका पाहुण्याला मराठीत म्हणाले, "यंदा हवाच अशी आहे. खांबाला हार घातला तरी निवडून येईल."

पाहुण्याने विचारलं, "खांब तरी नीट बघितलाय ना?"

"मराठी आहे. बारावी झालीय. ऐकते."

मी दोन पावलांवर होते. मला मराठी येतं हे त्यांना माहीत होतं. तरी आवाज खाली केला नाही. खांबासमोर कोण आवाज खाली करतं?

माझे वडील भुसावळहून इथे आले. रेल्वेत सफाईवाले. मी उज्जैनचीच. घरात मराठी, बाहेर हिंदी, भांडताना दोन्ही. नाल्याकाठच्या आमच्या बस्तीत बारावी पास झालेली मी पहिली मुलगी. वडिलांनी घरात एकच फोटो लावला होता, निळ्या कोटातल्या त्या माणसाचा. म्हणायचे, "शिकलीस की कोणाच्या पुढे वाकायची गरज नाही." शिकले. एका खाजगी शाळेत आया झाले. लहान पोरांना शू करायला नेते, त्यांची नाकं पुसते. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

लाज वाटायचे दिवस नंतर आले.

वॉर्ड आमच्या जातीच्या बायकांसाठी राखीव झाला. दादासाहेब तीन वेळा इथून पार्षद, म्हणजे नगरसेवक, झालेले. त्यांचे पूर्वज महाराजांच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, असं ते सांगायचे. जागा गेली, पण सोडायची नव्हती. त्यांना एक नाव हवं होतं. माझा नवरा देवास गेटला बस स्टँडवर ई-रिक्षा चालवतो. त्याला त्यांनी बोलावून घेतलं. कपातून चहा पाजला. "आपण मराठी माणसं," म्हणाले. "आपण एकमेकांना धरून राहायला हवं."

नवरा घरी आला तो उडतच. "अगं, पार्षद होशील तू! लाट आहे लाट. तुला काही करायचं नाही. फक्त उभं राहायचं."

लाट होतीच. टीव्हीवर देशाचा नकाशा लागायचा, एकाच रंगाचा. आजूबाजूची शहरं त्याच रंगात. आमच्या बस्तीतल्या घराघरांवर तोच झेंडा. मला वाटलं, बुडण्यापेक्षा बरं. खरं सांगते, मला आवडलंही. पोस्टरवर माझं नाव आलं. वर मोठे नेते, त्याखाली दादासाहेब, सगळ्यात खाली कोपऱ्यात मी, पोस्टाच्या तिकिटाएवढी. शाळेतल्या मॅडम मला अचानक "जी" म्हणायला लागल्या. ते मला गोड वाटलं.

प्रचारात मला बोलायचं नव्हतं. "तू फक्त हात जोड," दादासाहेब म्हणाले. ते जीपमध्ये पुढे बसायचे. मी मागे, झेंड्यांच्या गठ्ठ्याजवळ. लोकांच्या घरी सगळ्यांना चहा कपात यायचा, मला कागदी पेल्यात. मी पेला चुरगाळून पदराआड धरायची, बाहेर पडल्यावर फेकायची. कोणाला दिसू नये म्हणून. जणू तो माझाच गुन्हा होता.

समोर अपक्ष उभी होती सुगनजीजी. आमच्याच बस्तीतली. खूण मिळाली होती बालटी, म्हणजे बादली. रामघाटावर झाडू मारायची. सणांनंतर घाटावरून फुलं, दिवे, कपडे उपसायची. बायकांसाठी हातमोजे मागितले म्हणून ठेकेदाराने काढून टाकलं. तेव्हापासून ती बस्तीत फिरायची. कोणाचं रेशन अडलं, कोणाचा नळ फुटला, कोणाचं पोर शाळेत घेत नाहीत, सगळीकडे ती. तिला लिहिता-वाचता येत नाही. अर्ज मीच लिहून द्यायची, निवडणुकीच्या आधी.

माझी आई गेली त्या आजारात अकरा दिवस सरकारी दवाखान्यात होती. माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची. सुगनजीजी आईजवळ राहिली. आईचे घाण झालेले कपडे तिने धुतले. मी नाही.

मतदानाच्या चार दिवस आधी दादासाहेबांनी पहिल्यांदा मला माइक दिला. आमच्याच बस्तीत, पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात. बरोबर एक कागद.

"वाच. मोठ्याने. तुमच्याच बाईच्या तोंडून आलं की पटतं."

मी कागद आधी मनात वाचला. म्हणजे मला माहीत होतं त्यात काय आहे. हे लपवत नाही.

सुगन नवऱ्याला सोडून आली आहे. परक्या पुरुषाबरोबर राहते. दोन तरण्या मुली त्याच घरात. अशा बाईला आपल्या घरातल्या सुना-मुली मत देणार का?

नवरा तिला सळईने मारायचा, हे मला माहीत होतं. घरातला पुरुष तिचा मावसभाऊ, पायाने अधू, हेही. बस्तीत प्रत्येकाला माहीत होतं. पण वॉर्ड मोठा होता. रस्त्यापलीकडच्या कॉलन्यांत कोणाला माहीत नव्हतं, आणि भोंगे तिकडे तोंड करून लावले होते.

मी म्हणू शकले असते, वाचणार नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने डोळ्यांनी खुणावलं, वाच. मी दादासाहेबांकडे बघितलं. ते मोबाइल बघत होते.

मी वाचलं. पूर्ण. शब्द न गाळता. शाळेत बाई म्हणायच्या माझं वाचन स्पष्ट आहे.

सुगनजीजी टाकीजवळच उभी होती. दोन्ही मुली मागे. मी थांबल्यावर ती चालत पुढे आली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली,

"पढ़ना तुझे आता है, इसीलिए कागज़ तुझे पकड़ाया."

आणि गेली.

त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. वडिलांचं ते वाक्य आठवायचं. मी शिकले होते. आणि दादासाहेबांना बारावी झालेली बाई का हवी होती, ते आता समजलं होतं. अंगठाबहाद्दर बाईला कागद वाचता आला नसता.

मतदानाला सकाळीच गेले. शाळेच्या वर्गात बूथ. बाहेर नवरा कपाळाला टिळा लावून उभा. रांगेतल्या बायका माझ्याशी बोलत नव्हत्या. माझ्यासाठी पुढे जागा केली त्यांनी, पण बोलल्या नाहीत.

दोन मतं द्यायची होती. महापौराचं बटण मी सगळ्यांसारखंच दाबलं. मग पार्षदाचं. यादीत माझं नाव दिसलं. छापलेलं माझं नाव, पुढे ती खूण, जी देशभर जिंकत होती. बोट त्यावर नेलं होतं. माझ्या नावाकडे बघून मला शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

मी बालटी दाबली.

यात शौर्य काही नाही. तिथे पुठ्ठ्याचा आडोसा होता. बाहेर येऊन मी नवऱ्याला शाई लागलेलं बोट दाखवलं आणि परत हसले.

मतमोजणीला शहरभर तीच लाट आली. एकेक वॉर्ड पडत गेला त्यांच्याकडे. फटाके सुरू होते. वकिलाची बायको मोठ्या फरकाने निवडून आली. आमच्या वॉर्डाची पहिली फेरी झाली, बालटी पुढे. दादासाहेबांचा माणूस म्हणाला, "कोई बात नहीं, ये तो बस्ती की पेटी थी." दुसरी फेरी कॉलन्यांची. बालटी पुढेच. मग तिसरी. त्या कॉलन्यांतल्या बायकांनीही तो कागद ऐकला होता. त्यांतल्या किती जणी मारणाऱ्या नवऱ्याबरोबर राहत होत्या, ते कागद लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

सुगनजीजी निवडून आली. काठावर नाही, चांगली निवडून आली. माझ्या एका मताने काही ठरलं नाही. ते मी आजही स्वतःला बजावते. तिला मी निवडून आणलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी बोलावलं. दिवाणखान्यात आठ-दहा माणसं. ते सोफ्यावर, नवरा दारात चपला हातात घेऊन. मी उभी.

"देश जिंकलो, शहर जिंकलं. एक तू पडलीस," ते म्हणाले. "तुझ्या स्वतःच्या बस्तीने तुला मतं दिली नाहीत. लाज वाटत नाही?"

"वाटते," मी म्हणाले.

"काय?"

"लाज वाटते. मी ते वाचलं त्याची. मतांची नाही. दादासाहेब, बस्तीचं सोडा. माझं मतसुद्धा मी मला दिलं नाही."

मग ते सावकाश मराठीतच म्हणाले, "हार काय घातला, डोक्यावरच बसली."

"तुम्ही घातला नव्हता," मी म्हणाले. "टाकला होता. घातला मी. ती चूक माझी."

बाहेर येऊन नवरा म्हणाला, "काय केलंस तू हे?" नंतर महिनाभर नीट बोलला नाही. बस स्टँडवरची त्याची जागा गेली. तो आता स्टेशनच्या मागच्या बाजूला रिक्षा लावतो. पोरीच्या अंगावर खेकसतो. मी ऐकून घेते. त्यालाही त्या चहाचा कप मिळाला होता. तो पहिल्यांदाच मिळाला होता.

संध्याकाळी सुगनजीजीकडे गेले. घरात गर्दी, गुलाल. मी तिच्या पायाशी वाकले. तिने पाय मागे घेतले.

"जीजी, माफ़ कर दो."

"माफ़ी घर में मत माँग," ती म्हणाली. "जहाँ पढ़ा था, वहाँ बोल."

ती चिडलेली नव्हती. तिने मला पाणीही दिलं, घरच्या पेल्यात. पण माफ केलं नाही.

आणि मग मला कळलं ते. तिच्या मोठ्या मुलीचं लग्न देवासला ठरत आलं होतं. मुलाकडच्यांचे नातेवाईक आमच्याच वॉर्डात, रस्त्यापलीकडे राहतात. त्यांनी माइकवरून ऐकलं. सोयरीक मोडली.

रविवारी सकाळी टाकीजवळ पाणी भरायला बायका जमल्या होत्या. मी टाकीच्या ओट्यावर चढले. माइक नव्हता. म्हणाले, मी त्या दिवशी वाचलं ते खोटं होतं. खोटं आहे हे वाचताना मला माहीत होतं. दादासाहेबांनी कागद दिला, पण तोंड माझं होतं. दोघी-तिघी घागरी उचलून निघून गेल्या. एक म्हातारी थुंकली. सुगनजीजीची मोठी मुलगी रांगेत होती. तिने बादली नळाखालून काढली, माझ्याकडे बघितलं.

"अब बोलने से क्या होगा, मौसी?"

मी देवासलाही जाऊन आले. त्या घरात उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. मुलाची आई म्हणाली, "जो सुन लिया सो सुन लिया." दार लावलं. परतताना बसमध्ये मला रडूही आलं नाही.

गेल्या महिन्यात दादासाहेबांचा माणूस घरी आला. म्हणाला, झालं गेलं विसरा, महिलांच्या समितीत तुमचं नाव घालतो, शिकलेली बाई हवीच आहे. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. नवरा आत बसून ऐकत होता.

सुगनजीजीचे अर्ज मी परत लिहिते. ती बोलते, मी लिहिते, मग तिला वाचून दाखवते. दर वेळी ती विचारते, "और कुछ तो नहीं लिखा?" मी म्हणते, नाही. ती कागद दुसऱ्या कोणाकडून तरी पुन्हा वाचून घेते. तिचं बरोबर आहे. तिने मरेपर्यंत तसंच करावं.

पुढच्या वेळी वॉर्ड राखीव नसेल, असं म्हणतात. दादासाहेब मुलाला उभं करणार आहेत. सुगनजीजी म्हणते, मी आता थकले. मी उभी राहणार आहे. खुल्या जागेवर, त्यांच्या मुलासमोर, स्वतः फॉर्म भरून. लाट कुठलीही असो. मत मिळो न मिळो, माइक मी घेणार. त्या चौकात, रस्त्यापलीकडे, माधव नगरात त्यांच्या फाटकासमोर, प्रत्येक ठिकाणी माझ्या भाषणाचं पहिलं वाक्य एकच असेल: मी एका बाईबद्दल खोटं वाचलं होतं, आणि मला वाचता येत होतं.