सुमतीमावशीचा डबा

सुमतीमावशीला आम्ही उपाशी ठेवलं आणि तिच्यासाठी प्रार्थना करत बसलो.

आज वर्ष झालं. सकाळी चर्चच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. खाली लिहिलंय, "उपास-प्रार्थनेत असतानाच प्रभूमध्ये झोपी गेली. किती धन्य मरण!"
त्याखाली आमेन, आमेन, आमेन.

मी आमेन टाकलं नाही. डोकंच फिरलं माझं. म्हणून इथे लिहितेय. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मावशी म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतली, बालवाडीतून रिटायर झालेली बाई. लग्न केलं नाही. राजिवडा वस्तीच्या वरच्या अंगाला दोन खोल्या, रस्त्यापासून चाळीस पायऱ्या.

मंडळीत कोणी आजारी पडलं की पहिली पेज तिच्या घरून जायची. बोलायला फटकळ. मला भर चर्चमध्ये म्हणाली होती, "किती लांबवतेस गो प्रार्थना! देवाला दुसरी कामं नायत काय?"

मोरीत पडली, खुबा मोडला. ऑपरेशननंतर वॉकर धरून जेमतेम चार पावलं टाकायची.
मग महिला मंडळाने डब्याची पाळी लावली. सात घरं, सात वार. दुपारी पोचवायचा, त्यातलंच ती रात्री खायची.
बुधवार माझा.

दीड महिना छान चाललं. मी मांदेलीचं कालवण दिलं की हमखास फोन. "मीठ कमी होतं. पण टोप पुसून खाल्लं."

जानेवारीत चर्चच्या पाळकसाहेबांनी एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना जाहीर केली. पहिला विषय, सुमतीमावशीची तब्येत.

दिवसभर काही खायचं नाही. पाचला हॉलमध्ये जमायचं. गीतं, वचन, प्रार्थना, आणि मग सगळ्यांनी मिळून उपास सोडायचा. खिचडी, पापड, कोणीतरी भजी आणायचंच.

खरं सांगू? मजा यायची. वर्षानुवर्षं एका बाकावर बसून एकमेकांशी न बोलणारे आम्ही, एका टोपातून वाढून घेत होतो.

आणि दुपारचा गॅस सातही घरांत बंद.

मला वाटलं, मावशीच्या डब्याचं मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी बघितलं असेल. सेक्रेटरीबाईंना वाटलं, शेजारची फातिमाखाला देत असेल. खाला लेकीच्या बाळंतपणाला दापोलीला गेलेली.
एक फोन. दोन मिनिटांचं काम. मी केला नाही.

पाळकसाहेबांनी केला होता. "मावशी, अख्खी मंडळी तुमच्यासाठी उपास करतेय."
ती म्हणाली, "प्रभूची स्तुती असो."
आम्ही हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या.

दहाव्या दिवशी दुपारी मला खालाचा फोन आला. दापोलीहून आल्या आल्या ती मावशीला बघायला गेली होती.

"काय गो, तुमची माणसं मेली काय सगळी? ही बाय नुसत्या चहा-बटरावर हाय. कामवालीला सांगते, उपास हाय म्हणून. उभं राहवत नाय तिला!"

मी म्हटलं, "खाला, आमचा उपास चाललाय..."

"आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ असतो. तुमच्यात कोण सांगत नाय?"

कप्पाळ!

खालाच्या मुलांनी तिला खुर्चीत बसवून पायऱ्या उतरवल्या. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "हिला जेवायला कोण देत होतं?"
मी म्हटलं, "आम्ही."

संध्याकाळी ती जरा बोलायला लागली. मी पेजेचा चमचा पुढे केला. तिने तोंड फिरवलं.

"कितवा दिवस?"
"दहावा."
"मग अजून अकरा हायत."

"मावशी, आजाऱ्याला माफ असतो गं." मी खालाचंच वाक्य तिला ऐकवलं.

"मग डबा का थांबवलात?"

मी चमचा परत वाटीत ठेवला.

तीच म्हणाली, "मला मोह नको म्हणून ना? समजले मी तेव्हाच. मंडळी माझ्यासाठी धरते, नि मी कशी खाऊ? बरं केलंत."

हसली. आमचं कौतुक वाटलं तिला!
आणि मी मान हलवली. हो म्हणून.

दोन दिवसांनी गेली.

अंत्यविधीला चर्च भरलेलं. खाला मागच्या बाकावर. शेवटी जवळ मी होते, म्हणून पाळकसाहेबांनी तिच्याबद्दल साक्ष द्यायला मलाच उभं केलं.

सेक्रेटरीबाई माझ्याकडे बघत होत्या. बाकीची घरंही बघत होती. सगळं अगदी ओठांवर आलं होतं.
आणि मी म्हणाले, "मावशीने शेवटपर्यंत आपल्याबरोबर उपास पाळला."

लोक रडले. कोणीतरी हालेलूया म्हटलं. खाला उठून बाहेर गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, आणि तिचं बरोबर आहे.

म्हणजे ग्रुपवर फिरतंय ते धन्य मरण माझंच. मीच रचलेलं. पाळकसाहेबांना तरी काय दोष देऊ?

येत्या शुक्रवारी तिच्या आठवणीत पुन्हा सामुदायिक उपास आहे म्हणे. लाज कशी वाटत नाही आपल्याला? आधी हे हॉलमध्ये मोठ्याने वाचा. मग मला बोलवा.

मावशी, तुला मोह नको म्हणून कुणी डबा थांबवला नव्हता.
आमची एवढी श्रद्धा नव्हती गं.
आम्ही तुला विसरलो होतो.
हे त्या संध्याकाळी सांगितलं असतं, तर तू मला चार शिव्या घातल्या असत्यास आणि पेज प्यायली असतीस.
माझी अब्रू जाईल म्हणून मी गप्प बसले.

सलाम, मावशी.