बाबूजींच्या गाडीचा पिवळा दिवा

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. दुपारची जेवणं आटोपली होती. बाबूजी, म्हणजे माझे सासरे, आतल्या खोलीत आडवे झाले होते. पलीकडून गॅरेजशेजारचे चहावाले रौफचाचा बोलत होते. "भाभी, पारसभैया पडले. बोनेट उघडून उभे होते, तसेच खाली बसले. दवाखान्यात नेऊन राह्यलो, भाईसाबला जल्दी पाठवा." मी ह्यांना दुकानात फोन केला, हे धावले... आणि थोड्या वेळानं ह्यांचा फोन आला तो नुसता रडण्याचा. मेंदूत रक्तस्राव झाला होता. माझा धाकटा दीर पारस, पन्नाशी नुकतीच ओलांडलेला, असा उभ्या उभ्या गेला. आता बाबूजींना सांगणं आलं, आणि घरात मी एकटीच. दारात उभी राहून कसंबसं सांगितलं. ते उठून बसले, चाचपून चष्मा लावला आणि म्हणाले, "असं कसं होईल? त्यानं मला उद्या गाडी घेऊन यायला सांगितलंय."

कुणी तिऱ्हाइतानं हे ऐकलं असतं तर तो म्हणाला असता, धक्क्यानं म्हाताऱ्याचं भान सुटलं. मला मात्र त्या वाक्यानं भडभडून आलं. बापानं मुलाबरोबर उद्याचं काही ठरवावं, ही आमच्या घरात किती अपूर्वाईची गोष्ट होती ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आमचं कापडाचं दुकान जुन्या जालन्यात. पूर्वज राजस्थानातून आले, इथं रुजले. पारसला बाबूजींनी कॉमर्स शिकायला शहरात पाठवलं, तर हा गडी तिथं एका गॅरेजात गाड्यांची वायरिंग शिकून परत आला आणि म्हणाला, मी गादीवर बसणार न्हाई. बाबूजी म्हणाले, "ग्रीस लावायला आपण माणसं ठेवतो, आपण ग्रीस लावत नसतो." पारस म्हणाला, "मंग मला माणूस समजा." झालं! त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. घर एक, चूल एक, दिवस मावळायच्या आत जेवायची रीत एक, त्यामुळं ताटंसुद्धा शेजारी शेजारी. पण बोलणं नाही. मी नवी सून, डोक्यावर पदर, सासऱ्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती. ती रीत या दोघांच्या भांडणानं मोडली, कारण निरोप्या कुणीतरी हवा होता. "बिंदणी, त्याला सांग, पंखा बंद कर." बिंदणी म्हणजे सून. पंख्याचं बटण पारसच्या डोक्यावर. पारस म्हणायचा, "भाभी, त्यांना सांगा, मला उकडून राह्यलंय." मी दोघांच्या मधे पोळी वाढत उभी. सुरुवातीला हसू यायचं, पुढं पुढं संताप यायचा, आणि मग सवय झाली. वर्षानुवर्षं असंच चाललं. त्यानं लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "ग्रीसवाल्याला पोरगी कोण देतंय, भाभी? आणि दिली तर तुमच्या निरोपांचं काम वाढंल."

त्याचं गॅरेज भोकरदन नाक्याजवळ. तो काही गरीब गाय नव्हता, बरं का. बढाईखोर होता, तोंडाळ होता, गिऱ्हाइकाला झापायला कमी करायचा नाही. दसरा झाला की त्याच्या दारात रांग लागायची. लोक गाडीची पूजा करायची म्हणून बोनेट उघडून इंजिनावर पाइपानं धो धो पाणी मारतात, वरून नारळाचं पाणीही तिथंच. ते पाणी स्पार्क प्लगच्या खड्ड्यात जाऊन बसतं. दुसऱ्या दिवशी गाडी झटके देती आणि समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकाया लागतो. केदारखेड्याचे एक पाटील असेच आले, म्हणाले, लिंबू-मिरची बांधलेली होती, तरी असं कसं झालं? पारस म्हणाला, "लिंबानं नजर उतरती पाटील, पाणी न्हाई उतरत. देवाला आंघोळ घालायची तर देव्हाऱ्यात घाला की!" मग प्लगच्या खड्ड्यांत हवा मारून ते कोरडे करायचा आणि वर बजावायचा, की नुसता लागलेला पिवळा दिवा म्हणजे जल्दी दाखवा, आणि लुकलुकणारा म्हणजे गाडी लगेच बाजूला घ्या. दिव्याचं कारण सापडल्याशिवाय तो, गाडीच्या कॉम्प्युटरमधली बिघाडाची नोंद वाचायचं ते मशीन लावून, नुसता दिवा विझवून देत नसे. कुणी म्हटलं, पुसून टाक ना, गाडी विकायची आहे, की त्याला हाकलून द्यायचा. "मशीन नुसता पत्ता सांगतं भाभी, त्या घरात आजारी कोण ते आपण जाऊन बघावं लागतं," असं तो मला सांगायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐकता ऐकता कळायला लागलं. मुलं मोठी झाल्यावर त्यानंच मला गाडी शिकवली, तीही माझ्यावर ओरडून ओरडून.

आणि मग बाबूजींची गाडी बंद पडायला लागली. बाबूजी स्वतः चालवायचे, अजूनही चालवतात. रोज सकाळी मंदिर, मग दुकान. ती गाडी धावता धावता एकदम गप्प व्हायची. समोरचे काटे खाली, स्टीअरिंग जड. चावी फिरवली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. पण ह्यांनी चालवली की एकदाही बंद पडायची नाही. हे गाडी पारसच्या गॅरेजात नेऊन सोडायचे, तर तिथं ती शहाण्या बाळासारखी चालायची. मशीन लावलं तर आत कसलीच नोंद नाही. पारसनं इग्निशन कॉइल बदलली, मग एक सेन्सर बदलला, मग रिले बदलला. प्रत्येक वेळी छातीवर हात मारून म्हणायचा, "आता बिलकुल बंद पडणार न्हाई!" आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती बंद पडायची. बाबूजींना आयतंच सापडलं. "बिंदणी, त्याला सांग, कापड फाडायला शिकला असता तर निदान सरळ फाडलं असतं." पारस ताटावरून उठून गेला. त्या आठवड्यात अंबड रस्त्यावर गाडी बंद पडली तेव्हा मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरवाल्यानं कसाबसा बाजूला काटला म्हणून बाबूजी घरी आले. पारसला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. आपल्या हातून बाप मरतोय, या भीतीनं तो पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, "भाभी, बाबूजींना सांगा, उद्या मी त्यांच्या गाडीत बसणार. ते चालवतील, तशी गाडी मला बघायचीय."

बाबूजींचा जबाब आला, "त्याला सांग, मागं बसायचं." म्हणून पारस मागं बसला, आणि निरोप पोचवायला मी त्याच्या शेजारी! तिघं जण अंबड रस्त्याला लागलो. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि इंजिन बंद. मी नवकार मंत्र सुरू केला. आणि पारस मागून एकदम ओरडला, "बाबूजी! जुडगा!"

बाबूजींचा किल्ल्यांचा जुडगा म्हणजे आमच्या घरातली सत्ता. दुकानाची शटरं, गोदाम, तिजोरी, मंदिराची पेटी, गावाकडच्या बंद घराचं कुलूप, सगळ्याच्या किल्ल्या एका जाड पितळी कडीत. त्यांच्या वडिलांनी हातात दिलेली ती कडी. गाडीची चावीही त्यातच. तो शेरभर जुडगा चावीला लोंबकळत असायचा आणि प्रत्येक खड्ड्याला हिसके द्यायचा. त्यानं आतला इग्निशन स्विच झिजून ढिला झाला होता. जुडगा झुलला की करंट तुटायचा, आणि गाडीच्या कॉम्प्युटरलाच करंट मिळेना तर तो नोंद कशाची ठेवणार? हे गॅरेजात गाडी न्यायचे ती दुसऱ्या, सुट्या चावीनं, कारण बाबूजी जुडगा कुणाच्या हातात देत नसत. म्हणून तर पारसला दोष कधी दिसलाच नाही.

गाडी कडेला घेतल्यावर बाबूजी मागं वळून म्हणाले, "काय झालं जुडग्याला?" आणि मग तिघांच्याही ध्यानात आलं, की मधे मी नव्हते. पारस चाचरला, पण बोलला. पुढं वाकून त्यानं जुडगा तळहातावर तोलून धरला आणि म्हणाला, "आता चालू करा. आता खड्ड्यातून घ्या." गाडी चालत राहिली. मग त्यानं हात काढला आणि जुडगा हलवला, गाडी बंद. "ही चावी वेगळी करावी लागंल, बाबूजी." बाबूजींनी चावी ओढून बाहेर काढली. मग कडी सोडवायला लागले, पण पितळ घट्ट बसलेलं, नखांनी उघडेना. ...मग त्यांनी आख्खा जुडगा मागं धरला. "तू काढ," म्हणाले. ज्या हातांना कधी त्या घराचं एक कुलूप सोपवलं नव्हतं, त्या हातांत त्यांनी सगळं दिलं. पारसनं गाडीची चावी काढून घेतली आणि जुडगा परत केला. मी खिडकीतून बाहेर कापसाचं शेत बघत होते, कारण दोघांपैकी कुणाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

बोलणं सुरू झालं, पण गाडीपुरतंच. घरात पुन्हा मी होतेच मधे. मग बाबूजी मंदिरातून परतताना गॅरेजाकडं वळायला लागले. "तो पिवळा दिवा लागल्ता," म्हणायचे. पारस मशीन लावायचा. आत काही नाही. दिवा लागून विझला तरी त्याची खूण गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये राहतेच, हे त्याला माहीत होतं. म्हणजे दिवा लागलाच नव्हता! पण तो, कारण सापडल्याशिवाय बोनेट न लावणारा, गिऱ्हाइकाची थाप तोंडावर फेकणारा माणूस, बोनेट उघडून पाचेक मिनिटं आत डोकं घालायचा आणि म्हणायचा, "असू शकतं, बाबूजी. उद्या पुन्हा आणा." रौफचाचा दोन चहा आणायचे. बाबूजी टायरवर बसून चहा प्यायचे. मला हे पारसनंच सांगितलं. हसत हसत सांगितलं आणि वर म्हणाला, "भाभी, त्यांना सांगू नका हं."

तो गेल्यावर घरी बसायला आलेल्यांपैकी एक बाई म्हणाल्या, दुसऱ्यांच्या गाड्यांचे दिवे ओळखायचा, स्वतःचा न्हाई ओळखला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रक्तदाबाची गोळी तो रोज घेत होता, मीच ताटात ठेवायचे. असल्या सुभाषितांनी माणूस स्वस्त होतो. त्याला जे ओळखायचं होतं ते त्यानं बराबर ओळखलं होतं.

परवा बाबूजी म्हणाले, "बिंदणी, मंदिरात येतेस का?" मी पुढं बसले. त्यांनी गाडी सुरू केली आणि बाकी सगळे दिवे विझले, इंजिनाचा पिवळा तेवढा विझेना. मी पाहत राहिले. खरोखर लागला होता. मला पारसनं शिकवलेलं आठवलं, आधी साधं बघायचं. उतरून मागं गेले, तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल. ते आवळायला लागले, तेवढ्यात बाबूजी काठी न घेताच उतरून माझ्यापाशी आले.

"राहू दे," म्हणाले. "मीच ढिलं केलंय. झाकण ढिलं राह्यलं तर दिवा लागतो असं तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता, तेव्हा ऐकल्तं." मग बंपरला हात टेकून उभे राहिले. "बिंदणी, मी त्याच्याशी खोटं बोलायचो. दिवा कधीच लागत नव्हता. म्हटलं, निदान एकदा तरी खरंच लागू दे."

"त्याला माहीत होतं, बाबूजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग बोलला का न्हाई?"

"बोलला असता तर तुम्ही गेला असतात का?"

त्यांनी 'नाही' अशी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, तसेच जाऊन गाडीत बसले. मी झाकण आवळलं नाही. नाक्याजवळ आल्यावर त्यांनी गाडी गॅरेजाकडं वळवली. शटर बंद होतं. बाबूजींनी काच खाली घेतली, आणि रौफचाचांनी न विचारता दोन चहा आणून दिले.