तेजाबाचा ठपका

व्यंकटराव पोतदारांचा अंगठा म्हणजे परभणीच्या खजिन्यातलं एक प्रस्थच होतं. रुपया चिमटीत धरायचा, त्यावरून अंगठा एकदा फिरवायचा आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं: खरा, खोटा, घासलेला, नाहीतर तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात, बुडवलेला. खजिन्यात तराजू होता, पण तो कोपऱ्यात धूळ खात पडलेला. तराजू वाण्याला शोभतो, असं ते म्हणायचे आणि वर स्वतःच हसायचे. एकोणीस वर्षं हीच ऐट. माणसानं स्वतःला इतकं डोक्यावर घेऊन नाचू नये, पण सांगणार कोण? बाप पोतदार, आजा पोतदार, म्हणजे पिढीजात नाणी पारखणारे. निजामाच्या अमलात तालुक्याचा हाली, म्हणजे निजामी टांकसाळीचा, रुपया याच घराण्याच्या हाताखालून जायचा.

फसली तेराशे पंचेचाळीसच्या, म्हणजे इसवी सन एकोणीसशे छत्तीसच्या, फाल्गुनात झरीचा लिंबाजी सोनार स्टॅम्पाचा कागद घ्यायला खजिन्यात आला. त्यानं पुढं केलेल्या रुपयावरचा चारमिनार उजवीकडून पुसट होता, दोन मिनार तर जवळजवळ नव्हतेच. व्यंकटरावांनी अंगठा फिरवला, लिंबाजीच्या सोनारकामानं पिवळ्या पडलेल्या बोटांकडं पाहिलं आणि चारचौघांत म्हणाले, "तेजाब."

झालं. सरकारी नाणं तेजाबात बुडवून त्यातली चांदी उतरवून घेणं म्हणजे काही साधा गुन्हा नव्हे. अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे मोठे अंमलदार, धावत आले. त्यांनी रुपया पाकिटात घालून त्यावर लाखेची मोहर ठोकली, झरीला जाऊन दुकानाची झडती घेतली आणि तेजाबाची बाटली हुडकून काढली. आता सोनाराच्या दुकानात तेजाब नाही तर काय गुलाबपाणी सापडणार? पण पोतदारांनीच सांगितलंय म्हटल्यावर पुढं विचारतो कोण. लिंबाजी हवालातीत गेला आणि बावीस दिवस तिथंच राहिला.

तेविसाव्या दिवशी दुपारी मुन्सिफसाहेबांपुढं, म्हणजे न्यायाधीशांपुढं, सुनावणी होती. व्यंकटरावांची साक्ष झाली की लिंबाजी दोन-तीन वर्षं तरी बाहेर येत नाही, हे कचेरीच्या पट्टेवाल्यालाही ठाऊक होतं.

त्याच दिवशी सकाळी टांकसाळीतून आलेली नवी थैली फोडायची होती. व्यंकटराव आणि हेडक्लार्क अनंतराव, दोघांनी मिळून सील तोडलं आणि रुपये जाजमावर ओतले. कोरे करकरीत रुपये. त्यातल्या एकावर व्यंकटरावांची नजर खिळली. चारमिनार उजवीकडून पुसट. दोन मिनार नव्हतेच.

हा रुपया टांकसाळीतून निघून सरळ त्यांच्या पुढ्यात पडलेला. याला कोण्या सोनाराचा हात लागलेला नव्हता. शिवाय तेजाब आंधळा असतो. तो सगळीकडून खातो, कडेचे दाते आधी बोथट करतो. असा नेमके दोनच मिनार हुडकून खात नाही, आणि दोन वेगळ्या रुपयांवर एकाच जागी तर मुळीच नाही. त्यांनी रुपयाची कड फिरवून बघितली. दाते धारदार होते. मग ते उठले, कोपऱ्यातल्या तराजूवरची धूळ फुंकली, एका पारड्यात चांगला रुपया टाकला आणि दुसऱ्यात हा. दोन्ही पारडी बरोबरीला थांबली. चांदी रतीभरसुद्धा गेली नव्हती. ठसाच नीट उमटला नव्हता, एवढंच.

मग लिंबाजीचा रुपया? त्याची कड त्यांनी पाहिली नव्हती. तो तोललाही नव्हता. आणि आता तो अमीनसाहेबांच्या लाखेखाली बंद होता.

अनंतरावांनी हळूच दार लोटून घेतलं. शांत माणूस; पेन्शनीला दोन वर्षं उरलेली. हा रुपया गुपचूप थैलीत टाका, असं त्यांनी समजावलं. सरकारच्या टांकसाळीला नावं ठेवायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि समजा, सोनाराचा रुपया खरंच तेजाबातला निघाला तर? पोतदारानं पैसे खाल्ले म्हणतील. नोकरी तर जाईलच, वर लिंबाजीच्या शेजारी बसावं लागेल.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. व्यंकटरावांनी रुपया थैलीत टाकला, परत काढला, पुन्हा टाकला. शेवटी स्वतःच्या खिशातला एक रुपया थैलीत घातला, तो रुपया मुठीत घेतला आणि ते मुन्सिफीकडं निघाले. अनंतरावांनी कपाळाला हात लावला.

लिंबाजीला आणलं तेव्हा त्याची दाढी अस्ताव्यस्त वाढलेली. त्यानं व्यंकटरावांना पाहून हात जोडले. ज्यानं आत घातलं त्यालाच रामराम! व्यंकटरावांना वाटलं, यापेक्षा त्यानं शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

मुन्सिफसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला: रुपया तेजाबातला आहे, असं आपलं म्हणणं कायम आहे ना? नुसतं जी म्हणायचं होतं. एवढ्यानं सगळं निभावलं असतं.

"हुजूर," व्यंकटराव म्हणाले, "त्या दिवशी मी तो तोलला नाही. कडही बघितली नाही. तराजू मागवा."

अमीनसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. मुन्सिफसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, वजन कमी भरलं तर?

"तर आम्हा दोघांनाही शिक्षा व्हावी."

तराजू आला. लाख फोडली. एका पारड्यात चांगला रुपया गेला, दुसऱ्यात लिंबाजीचा. आणि लिंबाजीचं पारडं वर गेलं! व्यंकटरावांनी कठडा धरला. पारडं खाली आलं, पुन्हा वर गेलं, हेलकावलं, आणि हळूहळू दुसऱ्याच्या बरोबरीला येऊन थांबलं. मुन्सिफसाहेबांनी स्वतः कड फिरवून पाहिली. मग व्यंकटरावांनी थैलीतून आणलेला रुपया त्याच्याशेजारी ठेवला. दोघांवरही तेच दोन मिनार नव्हते.

लिंबाजी सुटला. व्यंकटरावांना शिक्षा झाली नाही, पण टांकसाळीला नावं ठेवली म्हणून उद्यापासून खजिन्यात येऊ नका, असा निरोप संध्याकाळच्या आत आला. तीन पिढ्यांची पोतदारी एका वाक्यात संपली.

निरोप घेऊन ते बाहेर पडले तर लिंबाजी कचेरीच्या फाटकापाशी तसाच उभा होता. व्यंकटरावांनी त्याच्यापुढं हात जोडले. त्याला राग नव्हता, हे तर जास्तच वाईट.

"सुटलो खरा, पोतदारसाहेब, पन जाऊ कुठं?" लिंबाजी म्हणाला. "तुमी येक शबुद बोललात आन् झरीपासून चुडाव्यापातूर समद्याला कळलं. लोकायनी घडवायला दिलेलं सोनं माघारी नेलं. आता लिंबाजी चोर न्हाई, हे घरोघर सांगायला कोन जाईल?"



"मी," व्यंकटराव म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी खरंच पायी झरीला गेले. पहिलं घर कस्तुराबाईचं. चांगली पोटापुरती शेती असलेली, तोंडानं फटकळ बाई. तिनं पाटल्यांचं सोनं लिंबाजीकडून परत आणलं होतं. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. व्यंकटरावांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजी तुमी नीट न बघताच बोललात?" तिनं विचारलं. "का पन?"

वाटेत त्यांनी बरीच उत्तरं जुळवली होती: गर्दी होती, उजेड कमी होता, सोनाराची बोटं पिवळी होती. तिच्यासमोर त्यातलं एकही तोंडातून फुटेना.

"लोकांनी वाहवा करावी म्हणून, बाई."

कस्तुराबाई आत गेली, सोन्याची पुरचुंडी कमरेला खोचून बाहेर आली आणि पायात वहाणा घातल्या.

"चला," ती म्हणाली. "हेच आता त्याच्या दारात, समद्या गावापुढं बोला."

व्यंकटराव तिच्या मागोमाग सोनाराच्या गल्लीकडं चालू लागले.