तारमास्तरांची चूक

क्लचची तार बदलायची तर तारमास्तरांकडेच, असं सगळा बाजार म्हणायचा. आणि तोच बाजार पाठीमागे हेही म्हणायचा, की या माणसाने तीस वर्षांत एकदाही आपली चूक कबूल केलेली नाही. काम बिघडलं तर तार हलकी होती, नाहीतर गिऱ्हाईक आडमुठं होतं. मास्तर मात्र नामानिराळे.

त्यांची मुलगी मोटारसायकलवरून रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचवायची. काच लागून तिचा डावा तळहात फाटला. जखम भरली, पण दोन बोटं पुरती मिटेनात. तारेचा कडक क्लच ओढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तर बजावलंच होतं: सोमवारी अकराला गाडी चालवून दाखव, नाही जमलं तर तुझी जागा दुसऱ्याला. तेव्हा मास्तरांनी जन्मात न केलेलं काम अंगावर घेतलं. आपल्याच हाताने बसवलेली तार काढून टाकली आणि तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक क्लच बसवायला घेतला.

सोमवार उजाडला तरी तेलाच्या नळीतली हवा निघेना. लिव्हर दाबावा तर हाताला काही लागतच नव्हतं. मास्तर घामाघूम झाले. थोडं तेल ओत, लिव्हर हलव, बुडबुडे काढ, पुन्हा ओत, असं चाललं असताना कोपर लागलं आणि नव्या क्लचच्या किटबरोबर आलेली तेलाची बाटली आडवी झाली. साडेनऊ वाजून गेले होते. मास्तरांनी फळीवरचा ब्रेक ऑइलचा डबा ओढला. तेल ते तेल, त्यात काय बघायचंय! दहा मिनिटांत लिव्हर घट्ट झाला. मुलीने तो एका बोटाने दाबला आणि खुदकन हसली.

"बाबा, लोणी आहे नुसतं," म्हणाली आणि निघाली.

पसारा आवरताना मास्तरांनी चष्मा लावला आणि सांडलेली बाटली उचलली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: फक्त हेच तेल वापरा, ब्रेक ऑइल घातल्यास आतली रबरं फुगतील. रबरं फुगली की क्लच दगा देणार. आज नाहीतर उद्या, अगदी भर चौकातसुद्धा. त्यांनी फोन लावला. तिने उचलला नाही. मग दुरुस्तीला आलेली एका गिऱ्हाइकाची स्कूटर काढून ते सुटले.

ते परीक्षेच्या मैदानावर पोचले तेव्हा मुलगी चढावर गाडी थांबवून, क्लच दाबून उभी होती. साहेबांनी हात केला, तशी गाडी अलगद पुढे निघाली. साहेब खूश झाले.

"झकास. बाराचे नमुने तूच घेऊन जा," ते म्हणाले आणि सही करायला त्यांनी पेन काढलं.

गप्प राहिलं तर नोकरी वाचत होती. संध्याकाळी गुपचूप रबरं बदलली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण बाराला पाऊण तासच उरला होता आणि पोर त्याच गाडीवरून भरगर्दीत शिरणार होती.

"साहेब, तिला जाऊ देऊ नका. मी गाडीत चुकीचं तेल घातलंय. चूक माझी आहे."

साहेबांनी विचारलं, "दुरुस्तीला किती दिवस?"

"नवी रबरं मागवावी लागतील. आठवडा तरी जाईल."

"आठवडा मला थांबता येणार नाही. आज दुसरा माणूस घेतो. पुढची जागा निघाली की तिने पुन्हा परीक्षा द्यावी."

स्कूटर तिथेच ठेवून दोघं मोटारसायकल ढकलत घराकडे निघाली.

"जन्मात पहिल्यांदा चूक कबूल केलीत," मुलगी म्हणाली, "आणि त्यासाठी आजचाच दिवस सापडला तुम्हाला? दहा मिनिटं थांबला असतात तर सही झाली असती."

"दहा मिनिटांनी तू रस्त्यावर असतीस," मास्तर म्हणाले.

चौकात सिग्नल लागला. तिने सवयीने क्लच दाबला आणि सोडला. लिव्हर परत आलाच नाही. तिने तो बोटांनी बाहेर ओढून पाहिला, पण तो तिथेच अडकून राहिला. एक लांबलचक ट्रक दोघांच्या पुढ्यातून धडधडत गेला. ती लिव्हरकडे पाहत राहिली. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजू लागले, तरी तिचा पाय उचलेना.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पुढच्या परीक्षेलाही गाडी तुम्हीच तयार करायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."