तीनशे तीस फूट

त्या अपघाताचा विषय निघाला की अजून माझी मान खाली जाते. पन्नासच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा फौजदार होतो. चिंचवडच्या एका वर्कशॉपमधून दुरुस्त झालेली लॉरी चाचणीसाठी निघाली आणि कुरुळीजवळ एका सायकलवाल्या शेतकऱ्याला चिरडून पुढे जाऊन थांबली. ड्रायव्हर कुरुळीचाच तरणा गडी. त्याला ठाण्यात आणलं.

"साहेब, सायकल दिसली तशी आमी बाभळीपाशीच ब्रेक दाबला. गाडी थांबलीच न्हाई," तो म्हणाला. ती बाभळ अपघाताच्या जागेच्या बरीच अलीकडे होती.

चाचणीच्या लॉरीत वेग टिपणारं यंत्र होतं. त्याच्या कागदी पट्टीवरची रेघ अगदी शेवटच्या दोन बोटांत खाली आलेली. मी पट्टीलाच रस्ता समजलो, दोन बोटं म्हणजे शेवटचे थोडे फूट! याने माणूस चिरडल्यावर ब्रेक दाबला, असं ठरवून टाकलं आणि त्याच्या कानशिलात दोन ठेवून दिल्या. तिसऱ्या दिवशी "डुलकी लागली होती" असं त्याने कबूल केलं. मला वरून शाबासकी मिळाली.

आठवड्याने वर्कशॉपमधला एक फिटर ठाण्यात आला. दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, ब्रेक धरत न्हाई, असं त्यानं निघतानाच मुकादमाला सांगितलं होतं. तरी मुकादमानं गाडी काढायला लावली. ती पट्टी कुणा जाणत्याला दाखवा."

मी हायस्कूलच्या गणिताच्या मास्तरांकडे गेलो.

"फौजदारसाहेब, आडवे चौकोन सेकंदांचे आहेत, फुटांचे नव्हेत," मास्तर म्हणाले. "उभे वेगाचे. ब्रेक कचकन लागला तर रेघ कड्यासारखी कोसळते. ही पंधरा सेकंद रेंगाळलीय, म्हणजे वेग हळूहळूच उतरला. आणि रेघेखालचा हा त्रिकोण म्हणजे तेवढ्या वेळात कापलेलं अंतर. सुरुवातीचा वेग सेकंदाला चव्वेचाळीस फूट, गुणिले पंधरा, त्याचं निम्मं. तीनशे तीस फूट."

जप्त केलेल्या लॉरीचा ब्रेक दुसऱ्या ड्रायव्हरकडून मोकळ्या मैदानात पूर्ण दाबवून पाहिला. रेघ तशीच लोळत उतरली. मग लॉरी थांबली होती तिथून टेपने मागे मोजत गेलो. तीनशे तीस फूट भरले तेव्हा मी बाभळीखाली उभा होतो.

मुकादमावर खटला भरला, ड्रायव्हरला सोडलं. मी त्याची माफी मागितली.

"बाभळ तर पयल्याच दिशी सांगितली व्हती, साहेब," तो एवढंच म्हणाला.

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला पाठ होतं. गावात ती टिकते, हे ठाऊक नव्हतं. डुलकीची गोष्ट घरोघरी पोचली होती, ती कुणी परत घेईना. मयताच्या भावकीने त्याला दारात उभं केलं नाही. महिन्याभरात तो बायकोला घेऊन गाव सोडून गेला. पुढे नोकरीभर मी आरोपीने सांगितलेली जागा आधी मोजली, मग तोंड उघडलं. त्याला त्याचा काय उपयोग? टेप तर त्या पहिल्या दिवशीही माझ्या खिशातच होती.