साठीच्या तोंडावर फ्रेंडशिप बँड

मला शिकवायला आवडतं, शिकायला नाही. सगळी नोकरी महापालिकेच्या मराठी शाळेत गेली, त्यामुळे चूक नेहमी समोरच्याची असते आणि ती आपण दाखवायची असते, हे अंगात मुरलेलं. रिटायर झाल्यावर बायका झुंबा शिकतात, कीबोर्ड शिकतात, कोणी कोणी तर जर्मन शिकतात. मी त्या वाटेला गेले नाही. गेल्या वर्षी जुलैत मात्र मी मोबाईल डब्याला टेकवून, माझ्या विद्यार्थिनींहूनही लहान दिसणाऱ्या एका मुलीकडून दोऱ्याला गाठी मारायला शिकत होते आणि दर थोड्या वेळाने तिला ‘अगं बाई, हळू’ म्हणून ओरडत होते. व्हिडिओतली ती, ती काय ऐकते.

हे सगळं माझ्या मैत्रिणीसाठी. मुलुंड पूर्वेला आमची एकच बिल्डिंग, ती दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. ती मूळची वेंगुर्ल्याकडची, मी अकोल्याकडची. तिच्या घरी गणपती, माझ्या घरी बुद्धवंदना. तिला माझा मसाला जळजळीत लागतो आणि मला तिचं सगळ्यात खोबरं घालणं पटत नाही. म्हणजे भांडायला विषयांची कमी नाही. आम्ही वर्षानुवर्षं रोज सकाळी फिरायला जायचो आणि रोज सकाळी भांडायचो. ज्या दिवशी भांडण झालं नाही त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला विचारायचे, हिची तब्येत बरी नाही का रे?

मग त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर तिचा नवरा गेला. गावाहून बायका आल्या. मी तिच्याच स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा टाकत होते. ट्रे घेऊन बाहेर आले तोवर त्यांनी तिच्या बांगड्या उतरवल्यासुद्धा होत्या. तिने हात पुढे केले की त्यांनी धरले, मला माहीत नाही. तेव्हापासून तिचे हात मोकळे आणि ती घरात. फिरायला नाही, बाजारात नाही, भाजीसुद्धा फोनवरून. बोलवायला गेलं की म्हणायची, बघू गं नंतर.

मी दोनदा बांगड्या घेऊन गेले. तिने डबा उघडून बघितला आणि झाकण लावून परत दिला. सासूबाई फोनवर विचारतात, म्हणाली. सासूबाई गावाला, ऐंशीच्या पुढच्या. व्हिडिओ कॉलवर त्यांना नातवाचं तोंड नीट दिसत नाही, सुनेचं मनगट बरं दिसतं! माझं डोकंच फिरलं. पण ओरडून कोणाचा हात भरत नाही, एवढं मलाही कळत होतं. मला तिच्या हातात काहीतरी बघायचं होतं, बस्स. ते झालं तर ती दाराबाहेर पडेल असं वाटत होतं, आणि नाही झालं तर ती त्या दोन खोल्यांतच विरून जाईल अशी भीती वाटत होती.

आयडिया लिफ्टमध्ये मिळाली. वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलीच्या हातात मनगटापासून वर दोऱ्यांचे पट्टेच पट्टे. विचारलं तर म्हणाली, फ्रेंडशिप डे येतोय ना आंटी, हे सगळे हाताने केलेत, विकतचे आता कोणी देत नाही. एरवी मी आंटी ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतलं, कारण डोक्यात ट्यूब पेटली होती. ही बांगडी नाही, देवाचा धागा नाही, सौभाग्याशी तर काहीच संबंध नाही. याला मनाई करायचं कोणाला सुचलंच नसणार, कारण ज्यांनी त्या रीती काढल्या त्यांच्या वेळी ही भानगडच नव्हती. तशा आमच्या घरातून असल्या रीती माझ्या आजोबांनीच हाकलून दिल्या होत्या, आणि त्याचा मला लहानपणापासून अभिमान. मी लिफ्टमधून उतरले ती खुशीत.

स्टेशनजवळच्या मॅचिंग सेंटरमध्ये भरतकामाच्या दोऱ्याच्या लड्या मिळतात. दुकानदाराने विचारलं, बेन, नातवाच्या शाळेचा प्रोजेक्ट आहे का? म्हटलं, माझाच आहे. त्याने काउंटरवर रंगांचा ढीग ओतला. मी त्यातून राखाडी, तपकिरी आणि मोतिया काढले. डिसेंट. तिच्या वयाला शोभतील असे. तो लाल घ्या, लाल फार जातो म्हणून मागे लागला होता, पण मला तिथे उभं राहून त्याच्याशी वाद घालायचा नव्हता.

घरी आले आणि माझी वाट लागली. ती व्हिडिओतली मुलगी सांगते, डावीकडचा दोरा उचला, शेजारच्या दोऱ्यावर चारचा आकार करा, टोक आतून काढा आणि ओढा. मी केला आकार. ओढलं की गाठ गायब. पुन्हा केला, पुन्हा गायब. आख्खी दुपार मी त्या मुलीला शिव्या घातल्या. मग नवरा चष्मा लावून शेजारी येऊन बसला, व्हिडिओ बघितला, माझे हात बघितले आणि म्हणाला की ती इंग्रजी चार करतेय आणि तू मराठी चार. खरंच होतं. तिचा चार उभ्या काठीचा, माझा पहिलीच्या वर्गात फळ्यावर काढायचा ४, खाली गोल गाठोडं असलेला. इतकी वर्षं गिरवून घेतलेला आकडा हाताला दुसरा येणार कुठून? नवरा हसत हसत चहा करायला गेला. त्याला हसायला कोणी सांगितलं होतं?

दोऱ्याचं वरचं टोक कशाला तरी पक्कं बांधावं लागतं. उशीला सेफ्टी पिनने लावलं तर उशीच माझ्याकडे यायची. शेवटी नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. तो सोफ्यावर पाय लांब करून क्रिकेट बघायचा, मी खाली चटईवर बसून गाठी मारायचे, दोघांचंही छान चाललं होतं. मग गॅसवाल्याने बेल मारली आणि हा सवयीने ताडकन उठला. दोरे तुटले, अंगठा लाल झाला आणि गॅसवाला दारात उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. त्यानंतर खिडकीच्या गजाला बांधायला लागले.

मग कळलं की प्रत्येक गाठ दोनदा मारायची असते. एकदाच मारली की पट्टा जिलबीसारखा वळतो. माझे पहिले दोन जिलबीच झाले. तिसऱ्याला दोरे कमी पडले, कारण मी मनगटाचं माप घेऊन तेवढेच कापले होते, आणि गाठींमध्ये दोरा किती खपतो हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मी तेव्हा ओरडत असेन. चौथा मात्र बऱ्यापैकी सरळ आला. तिरक्या रेघा दिसत होत्या. एका जागी राखाडीच्या जागी तपकिरी घुसला होता, पण लांबून कळत नव्हतं. मी तो नवऱ्याला दाखवला, शेजारणीला दाखवला, दूधवाल्यालाही दाखवला असता.

फ्रेंडशिप डेच्या रविवारी दहाच्या सुमाराला मी दुसऱ्या मजल्यावर गेले. ती गाऊनवर ओढणी घेऊन दारात आली. मी आत जाऊन बसले आणि म्हटलं, हात कर पुढे. तिने विचारलं, काय आणलंस? मी मूठ उघडली.

तिने पट्टा उचलला, खिडकीपाशी नेला, उलटसुलट करून बघितला. मी वाट बघत होते की आता चुका काढेल, तो घुसलेला तपकिरी तिला दिसेल. तिने त्याबद्दल काही विचारलं नाही. रंग कोणी निवडले, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मीच, डिसेंट वाटले म्हणून.

“तूपण?” ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि कानशिलं तापली. दुकानात एवढा ढीग होता आणि माझा हात लालकडे, हिरव्याकडे गेलाच नव्हता. तो माणूस लाल लाल म्हणून कानाशी ओरडत होता तरी गेला नव्हता. गावच्या बायकांना नावं ठेवणारी मी, आजोबांचा अभिमान मिरवणारी मी, आणि मैत्रिणीसाठी शोधून शोधून काय आणलं, तर विधवेचे रंग. मला रडूच आलं. इतक्या वर्षांत मी तिच्यासमोर भांडले होते, रडले नव्हते.

ती माझ्याशेजारी येऊन बसली. माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि तो राखाडी पट्टा माझ्या मनगटाला बांधला, चांगला घट्ट. चिडली किंवा हळवी झाली की तिची भाषा गावाला जाते.

“ह्यो तू घाल,” ती म्हणाली. “माका लाल व्हयो.”

मी लगेच उठले, म्हटलं आत्ता घेऊन येते. तर म्हणाली, थांब, तू पुन्हा भलताच आणशील. आत गेली, साडी नेसली, चपला घातल्या. दिवाळीनंतर पहिल्यांदा. जिन्यातच आमचं लिफ्टने जायचं की चालत यावरून वाजलं, स्टेशनपर्यंत वाजत राहिलं, आणि दुकानात तिने लाल रंगाच्या तीन छटा बाजूबाजूला ठेवून त्या माणसाचं डोकं खाल्लं. सोबत थोडा हिरवाही घेतला.

तो नवा पट्टा करायला मला आठवडा लागला. ती रोज दुपारी वर यायची आणि शेजारी बसून माझ्या चुका मोजायची. मी सगळं ऐकून घेतलं, हे माझ्या नवऱ्याला अजून खरं वाटत नाही. झाला तेव्हा तिने स्वतःहून हात पुढे केला. मी बांधायला घेतला.

हा काढायचा कधी असतो, तिने विचारलं. मी व्हिडिओत ऐकलं होतं ते सांगितलं, की काढायचा नसतो, झिजून झिजून आपोआप पडेपर्यंत ठेवायचा.

ती लाल दोरा आणि त्याखालचं मनगट बघत राहिली.

“म्हणजे,” ती म्हणाली, “काढूक कोण येवचा नाय?”

“येऊन तर बघू दे,” मी म्हटलं, आणि आणखी एक गाठ मारली.